चिकटपट्टीमागचा डोळा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. गळ्यात अडकवून फिरायला नेतात तसला नव्हे. कॉम्प्युटरच्या कपाळावर चिमटा लावून बसवतात ना, तसला, बोराएवढा. पण गोष्ट सुरू करायच्या आधी एक विचारतो. तुमच्या मागे कोण उभं आहे? बघितलंत? नक्की? बरं. माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही, आणि त्याला कारणं आहेत.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. डोळा उघडल्या उघडल्या कुणीतरी माझ्यासमोर पट्ट्यापट्ट्यांचा एक कागद धरला. लाल, हिरवा, निळा. ‘बघ नीट’ म्हणाले. मी बघितलं. आजवर मी पाहिलेल्यांत सगळ्यांत सरळ तोच. त्याच्यानंतर भेटलेला प्रत्येकजण माझ्यासमोर आला की आधी केस सारखे करायचा आणि मग बोलायचा. आता मला सांगा, जो आधी केस सारखे करतो, तो पुढे खरं किती बोलणार?

माझी पहिली नोकरी एका मोठ्या ऑफिसात. तिथे एक साहेब रोज माझ्यासमोर कोट घालून बसायचे आणि टेबलाखाली अर्धी चड्डी. वरून साहेब, खालून पहिलवान! मी बघायचो आणि गप्प बसायचो. मीटिंगमध्ये ‘आवाज तुटतोय’ म्हणून फोन ठेवायचे, आणि आवाज तर चांगला खणखणीत असायचा. एकदा तर एक झुरळ माझ्यासमोरून चाललं होतं. मी त्याच्याकडे असं रोखून पाहिलं, असं रोखून पाहिलं, की ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं आणि म्हणालं, ‘बिस्किटं मीच खाल्ली.’ खोटं वाटतं? वाटू दे. शंका घ्यायला मीच तर शिकवणार आहे तुम्हाला.

सुरुवातीला माझं कौतुक फार. ‘काय स्वच्छ दिसतं!’ मग माझ्यापेक्षा स्वच्छ पाहणारा कुणी आला, आणि मी एका खोक्यात गेलो. खोक्यात नुसत्या वायरी. एकमेकींत अशा गुंतल्या होत्या, की कोण कुणाची मावशी आणि कोण कुणाची सून, काही पत्ता लागेना. किती वर्षं गेली ते विचारू नका. एके दिवशी झाकण उघडलं, आणि एक पोरसवदा बाई आत डोकावली. म्हणाली, ‘हा चालेल.’

ती मोबाइल दुरुस्त करणारी होती. तिचं छोटंसं दुकान, आणि शेजारी इस्त्रीवाल्यांचं दुकान. इस्त्रीवाल्यांच्या मागच्या खोलीत तिनं वर्ग काढला होता. गल्लीतल्या मोठ्या माणसांना फोन, कॉम्प्युटर, इंटरनेट शिकवायचं, तेही फुकट. सगळ्यांत लहान तीच, पण शिकवणारी म्हणून तिला सगळे ‘छोट्या बाई’ म्हणायचे. खोलीत वाफेचा वास, एका बाजूला घडी केलेल्या चादरींचा डोंगर, आणि दुसऱ्या बाजूला टेबलावर एक म्हातारा कॉम्प्युटर. त्याच्या कपाळावर मी.

पहिल्याच दिवशी तीन विद्यार्थी आले. नर्सताई, म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. ड्रायव्हरआजोबा, यांनी जन्मभर बस चालवली. आणि शिंपीणकाकू, कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानातल्या. मी तिघांकडे एकदा डोळा भरून बघणार, तेवढ्यात नर्सताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

‘हे काय आहे?’

‘कॅमेरा आहे ताई,’ छोट्या बाई म्हणाल्या.

‘म्हणजे हा आपल्याला बघतो?’

‘चालू केला तर बघतो.’

‘आणि बंद आहे हे कुणी सांगितलं? हाच सांगणार ना?’

घ्या! नर्सताईंनी पर्समधून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली, दातानं टर्रकन तोडली, आणि माझ्या डोळ्यावर चापकन चिकटवली. वरून अंगठ्यानं दाबली. आयुष्यभर माणसांना पट्ट्या लावलेला हात तो. हलतेय कशाला!

झालं. काळोख. पण मित्रांनो, एक गंमत सांगू का? माझ्या डोळ्याशेजारी एक बारीक भोक आहे. तो माझा कान. तो त्यांनी झाकलाच नाही. मला कान आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी तो वर्ग नुसता ऐकला. ड्रायव्हरआजोबा माउस हातात घेतला की वळणावर खांदे वाकवायचे, खुर्ची करकरायची. वाटेत कुणी आलं तर तोंडानं हॉर्नसुद्धा द्यायचे. ‘आजोबा, तो बाण हळूच न्यायचा.’ ‘अहो, रस्ता मोकळा आहे, नेऊ द्या की!’ आणि शिंपीणकाकू. त्यांच्या बोटावर ती धातूची टोपी असायची, सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ती. ती काढायचं त्यांच्या लक्षातच राहायचं नाही. म्हणून त्यांनी बटण दाबलं की टक्‌ असा आवाज यायचा. बाकी सगळ्यांची बोटं सारखीच वाजायची. काकूंची मला लांबून कळायची.

काकू का आल्या होत्या, तेही मला ऐकूनच कळलं. त्यांचा मुलगा जहाजावर स्वयंपाकी होता. जाताना दोघांचं भांडण झालं होतं. कशावरून? तर कोटाच्या बाहीवरून! काकूंनी त्याला जहाजावर घालायला जाड कोट शिवून दिला. पोरगा म्हणाला, ‘बाही आखूड झाली.’ काकू म्हणाल्या, ‘बाही बरोबर आहे, तुझेच हात लांब आहेत.’ तो म्हणाला, माप चुकलं. त्या म्हणाल्या, माझं माप आजपर्यंत चुकलेलं नाही. तो म्हणाला, मग आज चुकलं. त्यावर काकू बोलून गेल्या, ‘एवढं आहे तर फोनसुद्धा करू नकोस.’

आणि त्यानं केला नाही.

‘एरवी सांगितलेलं एक काम लक्षात राहत नाही मेल्याच्या,’ काकू नर्सताईंना सांगत होत्या. ‘दूध आण म्हटलं की साबण आणतो. माझा वाढदिवस तर त्याला जन्मात आठवलेला नाही. आणि हे एवढं बरं लक्षात राहिलं!’

‘तुम्ही करा की फोन.’

‘केला. लागत नाही. बंदच आहे. म्हणून तर शिकायला आले. कुठंतरी सापडेल ना हो तो इंटरनेटवर?’

‘सापडेल,’ नर्सताई म्हणाल्या. पण ज्या आवाजात त्या पेशंटला ‘काही नाही, बारीकशी सुई आहे’ म्हणत असतील ना, त्याच आवाजात.

छोट्या बाई शिकवायच्या मात्र चांगल्या. पहिला धडा त्यांनी रोज पाठ करून घेतला. फोनवर मेसेजमध्ये आकडा येतो, तो गुपित आकडा कुणालाही सांगायचा नाही.

‘बँकवाल्याला?’

‘नाही!’

‘पोलिसाला?’

‘नाही!’

‘नवऱ्याला?’ नर्सताईंनी विचारलं.

‘नवऱ्याला तर मुळीच नाही,’ काकू म्हणाल्या, आणि ड्रायव्हरआजोबा खोकले.

मग टायपिंगचा सराव आला. छोट्या बाईंनी इंटरनेटवर वर्गाचं एक पान उघडलं आणि म्हणाल्या, ‘आपल्या जिवाभावाच्या माणसाबद्दल लिहा. म्हणजे बोटं आपोआप चालतील.’ आजोबांची नात लांब राहायची. तिलाही आजोबांचं लिखाण वाचता यावं म्हणून ते पान त्यांनी सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. त्यावर वर्गाचा पत्ता टाकला, ‘इस्त्रीच्या दुकानामागे’ असा. आणि ज्यांना आपला फोन नंबर पाठ नव्हता त्यांचे नंबरही टाकून ठेवले, त्यात काकूंचाही. एक बटणही लावलं, दाबलं की वर्गातल्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल येईल असं. काम प्रेमानं केलेलं. पण मला तेव्हाच खटकलं होतं. उघड्या दारातून नात येते तशी आणखी कोण येईल, हे दाराला थोडंच कळतं? मी ओरडून सांगणार होतो, पण मला कान आहे, तोंड नाही.

काकूंची बोटं त्या दिवशी काय चालली! टक्‌ टक्‌ टक्‌. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायच्या. मुलगा कुठल्या शाळेत होता. कुत्र्याचं नाव ढब्ब्या. तो जहाजावर आहे. माझा वाढदिवस अमुक तारखेला, तेव्हा तो इथे असता तर बरं झालं असतं. आणि सगळ्यांत शेवटी, चांगलं दणकून एकेक अक्षर: मी शिवलेले कपडे त्याला अगदी नीट बसतात.

‘काकू, हे खरं आहे का?’ नर्सताईंनी विचारलं.

‘मी लिहिलंय म्हणजे खरंच आहे.’

मग काकूंचा वाढदिवस आला. वर्गात तिघं जमली होती. छोट्या बाई शेजारी एका गिऱ्हाइकाचा फोन उघडून बसल्या होत्या, ‘आलेच’ म्हणून गेल्या त्या आल्याच नव्हत्या. काकूंचा फोन वाजला. हातात टाचण्या होत्या म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

‘आई, मी बोलतोय.’

टाचण्यांची डबी खाली पडली. मी ऐकली ना, सगळ्या खोलीभर पसरल्या.

‘कोण? बाळा? आवाज का असा तुझा?’

‘समुद्राची हवा गं, घसा बसलाय. आधी वाढदिवसाच्या शुभेच्छा!’

नाक ओढल्याचा आवाज आला. ‘आठवलं तुला?’

‘न आठवायला काय झालं? आई, माझा जुना फोन गेला. नवा नंबर चालू करायचाय, त्यासाठी तुझा नंबर दिलाय. तुझ्या फोनवर आता एक आकडा येईल, तो वाच फक्त. घाई कर हं, जहाज सुटेल.’

टिंग. आलाच आकडा.

मित्रांनो, माझ्या अंगातली एकुलती एक वायर ताठ झाली. रोज पाठ केलेला धडा! बँकवाला झाला, पोलीस झाला, नवरा झाला. मुलाला सांगायचा की नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं.

‘थांबा,’ नर्सताई म्हणाल्या. ‘आधी खात्री करा. विचारा काहीतरी.’

‘शाळा कुठली तुझी?’ काकूंनी विचारलं. त्यानं फाडकन सांगितली.

‘कुत्र्याचं नाव?’

‘ढब्ब्या! ढब्ब्याला विसरेन का मी?’

‘पास!’ ड्रायव्हरआजोबांनी टेबलावर थाप मारली, मी हललो. ‘पैकीच्या पैकी! सांगून टाका काकू, पोरगं खोळंबलंय.’

काकूंनी फोन उचलला. चष्मा लावला असावा, कारण दांडी कडकडली. ‘सात,’ त्या म्हणाल्या. मग थांबल्या.

‘पुढे, आई?’

‘सांगते. एवढं सगळं कसं रे आठवलं तुला?’

‘तुझंच पोर ना मी.’

‘हो ना,’ काकू म्हणाल्या. आवाज एकदम शिवणीसारखा सरळ. ‘तो कोट घालतोस का रे, मी दिलेला?’

‘रोज! तू शिवलेले कपडे मला अगदी नीट बसतात.’

‘आणि बाही?’

‘बाही तर एकदम बरोबर, आई.’

खट्‌. काकूंनी फोन बंद केला.

‘अहो, काय केलंत हे!’ आजोबा ओरडले. ‘पोराचा फोन कापलात!’

‘तो माझा पोरगा नाही. माझा पोरगा त्या बाहीला बरोबर म्हणणार नाही. मान कापली तरी म्हणणार नाही. आणि माझा वाढदिवस? त्याला?’

आणि इतका वेळ सरळ राहिलेला तो आवाज उसवला. काकू रडल्या. चोरानं काही नेलं नव्हतं, पण दोन मिनिटं मुलगा देऊन परत काढून घेतला होता.

छोट्या बाई धावत आल्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘त्याला सगळं आपल्या पानावरनं कळलं. मीच उघडं ठेवलं होतं ते. चुकलं माझं.’ पानावरचे सगळे फोन नंबर तेवढे त्यांनी तिथल्या तिथे काढले, आणि लगेच काकूंना सोबत घेऊन बँकेत कळवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या त्या निरोपाचं बोलायलाच. ‘मला पुसायला शिकवा, बाई. माझं माझ्या हातानं पुसते. मग मी काही यायची नाही.’

‘पोराला शोधायचंय ना?’ नर्सताई म्हणाल्या.

‘सापडला तरी ओळखू कसा? आता खरा आला तरी मला चोरच वाटणार.’

हे ऐकून मला कसंसंच झालं बघा. संशय घ्यावा असं मीच म्हणतो, पण आईला मुलाचा आवाज ऐकून भीती वाटावी? काकूंनी एक बटण दाबून धरलं. शाळा गेली. कुत्रा गेला. जहाज गेलं, वाढदिवस गेला. शेवटची ओळ राहिली. टोपीचं बोट बटणावर टेकलं, आणि कॉम्प्युटर वाजायला लागला.

व्हिडिओ कॉल. अनोळखी.

‘उचलू नका!’ तिघं एकदम ओरडली.

‘उचलूया,’ छोट्या बाई म्हणाल्या. ‘आज मी आहे इथे. सांगायचं मात्र काही नाही, फक्त ऐकायचं.’

‘हॅलो!’ पलीकडून कुणीतरी तावातावानं बोललं. ‘कोण आहात तुम्ही? माझ्या आईच्या नावानं हे पान कुणी काढलंय?’

‘तू कोण?’ ड्रायव्हरआजोबांनी विचारलं. ‘कालचाच ना?’

‘काल? काल मी समुद्रात होतो! आज बंदराला लागलो. मी इस्त्रीवाल्यांचा नंबर शोधत होतो, म्हणजे त्यांच्याकडून आईला निरोप दिला असता, तर हे पान निघालं. माझी शाळा, माझा कुत्रा, सगळं चव्हाट्यावर! तक्रार करीन मी!’

‘आईला सरळ फोन का नाही केलास?’ नर्सताईंनी उलटतपासणी सुरू केली.

‘माझा फोन सुपाच्या पातेल्यात पडला. सगळे नंबर शिजले. आईचा नंबर मला पाठ नाही.’

‘आईचा नंबर पाठ नाही?’

‘मला माझासुद्धा नाही.’

काकूंचा श्वास मला ऐकू येत होता, अगदी जवळून. ‘माझा वाढदिवस कधी असतो?’ त्यांनी विचारलं.

‘तुमचा? तुम्ही कोण?’

‘तुझी आई.’

तो हसला. ‘हे बघा बाई, दुसऱ्या कुणाला तरी फसवा. माझी आई आणि कॉम्प्युटरवर? माझी आई मिक्सर लावताना शेजारणीला बोलावते! आणि मला इथे दिसतोय नुसता काळोख. चेहरा का लपवलाय?’

घ्या! म्हणजे इकडे हे त्याला चोर समजतायत, आणि तिकडे तो यांना!

‘वाढदिवस कधी ते सांग,’ काकू म्हणाल्या.

‘आईचा? थंडीत असतो ना?’

‘काल होता मेल्या! भर उन्हाळ्यात!’

तो म्हणाला, ‘शिवी तर आईसारखीच देताय. पण मग ही खालची ओळ कुणी लिहिली? मी शिवलेले कपडे त्याला अगदी नीट बसतात म्हणे. साफ खोटं! बाही आखूड आहे!’

‘बाही बरोबर आहे!’ काकू कडाडल्या. ‘हात लांब आहेत तुझे!’

‘माप चुकलंय!’

‘माझं माप चुकत नाही!’

शेजारी इस्त्रीची वाफ फुसकन सुटली, तेवढीच.

‘आई?’ तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. ‘तू आहेस का गं? मला दिसत नाहीयेस.’

‘अगं बाई, ती पट्टी!’ नर्सताई ओरडल्या. त्यांचा अंगठा माझ्यावर आला. ‘दुखणार नाही हं,’ असं मला म्हणाल्या, आणि एका झटक्यात ओढली. दुखलं! डोळ्याची पापणी निघाल्यासारखं दुखलं. पण उजेड आला.

आणि मी काकूंना पहिल्यांदा बघितलं. आवाजावरून मला त्या चांगल्या दणकट वाटल्या होत्या. त्या तर एवढ्याशा होत्या. गळ्यात मापाची पट्टी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदराला टोचलेल्या दोन सुया. माझ्यासमोर आल्यावर केस सारखे न करणारं ते पहिलं माणूस.

मित्रांनो, तो मुलगा कसा होता ते मला विचारू नका. मी पडद्याच्या वर बसतो, पडदा माझ्या पायाखाली. मला तो दिसलाच नाही. पण तो हसला ते मला काकूंच्या तोंडावर दिसलं. तो रडला तेही तिथेच दिसलं. मग त्यानं बहुतेक उठून तो कोट घातला, कारण काकूंनी चष्मा वर सरकवला आणि पुढे वाकल्या, इतक्या पुढे की माझ्या डोळ्यात नुसतं त्यांचं कपाळ.

‘हात लांब कर,’ त्या म्हणाल्या. ‘अजून. कोपर वाकवू नकोस.’ त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या पट्टीकडे गेला. पडद्यावर धरून बघितली, मग खाली घेतली.

‘आखूड आहे,’ त्या हळूच म्हणाल्या.

‘काय म्हणालीस? ऐकू नाही आलं!’

‘आलं तेवढं पुरे. घरी ये, उसवून देते.’

आता ते पान बंद असतं. ज्यांना दाखवायचं त्यांनाच दिसतं, आणि आजोबांची नात आधी दार वाजवून येते. शिंपीणकाकू रोज येतात. नवीन माणसांना गुपित आकड्याचा धडा त्याच देतात, त्यात ‘मुलाला?’ हा प्रश्न वाढवलाय, आणि सगळ्यांनी ‘नाही!’ ओरडल्याशिवाय पुढे जात नाहीत. माझ्या डोळ्यावर आता चिकटपट्टी नाही. काकूंनी मला जाड कापडाची एक झापड शिवलीय, बटणाची. काम झालं की खाली, बोलायचं असलं की वर. मला अगदी नीट बसते. खरंच बसते, मला काय बाहीचं भांडण करायचंय!

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या डोळ्याचं एवढं ऐका. आम्हाला झाकत जा, पुसत जा, आणि खोक्यात टाकू नका. आपल्या माणसांच्या गोष्टी उघड्यावर वाळत घालू नका. कुणी तुमच्याबद्दल सगळंच्या सगळं बरोबर सांगायला लागलं, तर दचका. पण झापडेला बटण असतं ते उघडायलाही असतं, तेवढं विसरू नका. नाहीतर एखाद्याला पलीकडून नुसता काळोख दिसत राहील.

आणि हो. माझ्या डोळ्याशेजारचं ते बारीक भोक अजून कुणी झाकलेलं नाही. नर्सताईंना सांगू नका हं. तुम्ही सांगितलंत, तर मला लगेच ऐकू येईल.